लंडनला हसवता हसवता पन्नाशीच्या आत पाय गेले, जोकरच्या तोंडाला रंग देणाऱ्या ग्रिमाल्डीची गोष्ट

एक गोष्ट तुमच्या व्हॉट्सॲपवर कधी ना कधी येऊन गेली असेल.

एक माणूस डॉक्टरकडे जातो. सांगतो की जगण्यात राम उरला नाही, रात्र रात्र झोप लागत नाही, कशानेच हसू येत नाही. डॉक्टर तपासतात, शरीराला तर काही झालेलं नसतं. मग ते सल्ला देतात की गावात एक भारी जोकर आलाय, त्याचा खेळ बघून या, सगळं दुखणं पळून जाईल. माणूस मान खाली घालतो आणि म्हणतो की डॉक्टर, तो जोकर मीच आहे.

खाली रडणारी इमोजी आणि दहा जणांना पाठवण्याची विनंती.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट दोनशे वर्षांपासून ज्याच्या नावावर सांगितली जाते, तो माणूस म्हणजे जोसेफ ग्रिमाल्डी. खरं सांगायचं तर ही गोष्ट घडलेली नसावी. कारण त्याच्या आधीच्या विनोदी नटांच्या नावावरही ती सांगितली जायची. नाव बदलायचं, गोष्ट तीच. म्हणजे फॉरवर्ड हा प्रकार काही आजचा नाही.

पण ग्रिमाल्डी खरा होता. आज जगात कुठेही सर्कशीचा तंबू लागला आणि पांढऱ्या तोंडाचा, लालभडक गालांचा जोकर धडपडत आत आला की तो रंग बऱ्याच अंशी याच माणसाने लावलेला असतो. इंग्रजी सर्कशीत तर जोकरला आजही जोई म्हणतात, आणि तो जोई म्हणजे जोसेफचा जोई.

आता गंमत अशी की हा पठ्ठ्या सर्कशीतला नव्हताच. त्याचं सगळं आयुष्य गेलं नाटकाच्या स्टेजवर.

तर सुरुवात होते त्याच्या वडिलांपासून. जुझेप्पे ग्रिमाल्डी मूळचे इटलीचे. लंडनच्या ड्रुरी लेन नावाच्या मोठ्या थिएटरात ते नाच बसवायचे, स्वतः नाचायचे आणि विनोदी कामंही करायचे. माणूस हुशार, पण भयंकर तापट. त्यांच्या थिएटरात रिबेका ब्रुकर नावाची नाचणारी मुलगी होती, वयाने त्यांच्याहून कितीतरी लहान. लग्न वगैरे काही नव्हतं. या दोघांचा मुलगा जोसेफ 18 डिसेंबर 1778 ला लंडनमध्ये जन्मला. त्याच्यामागून जॉन नावाचा भाऊ झाला.

जुझेप्पेंना मरणाची विलक्षण भीती. त्यातही आपल्याला चुकून जिवंत पुरतील ही भीती जास्त. म्हणून त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की पुरण्याआधी माझं मुंडकं धडावेगळं करा. आणि ते तसं करण्यात आलं, असं सांगतात.

एकदा तर त्यांनी घरातच मेल्याचं सोंग घेतलं. अंगावर चादर ओढून पडून राहिले आणि पोरांना खोलीत बोलावलं. आपण गेल्यावर पोरं किती रडतात ते त्यांना बघायचं होतं. छोट्या जोसेफला संशय आला, त्याने मोठ्याने गळा काढला. जॉनला मात्र खरंच वाटलं की बाप गेला. तो आनंदाने उड्या मारायला लागला. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

अशा घरात जोसेफ स्टेजवर गेला तेव्हा तो अडीच वर्षांचाही नव्हता. 1781 च्या ईस्टरला सॅडलर्स वेल्स या थिएटरात त्याचं नाव लागलं. बाप त्याला माकड करायचा, कमरेला साखळी बांधायचा आणि ती साखळी धरून पोराला डोक्याभोवती गरागरा फिरवायचा. एका खेळात साखळी तुटली. पोरगं उडालं ते थेट प्रेक्षकांत, एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या अंगावर जाऊन पडलं. त्यांनी झेललं म्हणून वाचलं.

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असणार. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला असेल.

1788 मध्ये जुझेप्पे गेले, तेव्हा जोसेफ नऊ वर्षांचा होता. बापाने मागे जे काही ठेवलं होतं ते ज्याच्या ताब्यात होतं त्याचंच दिवाळं निघालं, त्यामुळे पोरांच्या हाती काही लागलं नाही. घर चालवायचं आता आईच्या आणि या नऊ वर्षांच्या पोराच्या कमाईवर. ड्रुरी लेनचे मालक होते रिचर्ड शेरिडन, मोठे नाटककार आणि खासदार. त्यांनी पोराचा पगार वाढवून आठवड्याला एक पौंड केला. सॅडलर्स वेल्सवाल्यांनी मात्र संधी साधली. बाप जिवंत असताना पोराला आठवड्याला 15 शिलिंग मिळायचे, ते त्यांनी 3 शिलिंगवर आणले. बापच नाही तर भांडणार कोण?

भाऊ जॉनने वेगळाच मार्ग धरला. त्याला नाटकाचा तिटकारा होता, तो जहाजावर नोकरीला लागून निघून गेला. त्याच्याविषयी पुढे बोलू.

जोसेफ राहिला दोन थिएटरांमध्ये. उन्हाळ्यात सॅडलर्स वेल्स, हिवाळ्यात ड्रुरी लेन. पण दोन्हींचे हंगाम मध्येच काही आठवडे एकमेकांत शिरायचे. तेव्हा एका थिएटरात खेळ संपवायचा आणि तोंडावरचा रंग तसाच ठेवून दुसरीकडे पळत सुटायचं. मधलं अंतर दीड-दोन किलोमीटर. रोजचं. हे त्याने वर्षानुवर्षं केलं.

इथे जरा थांबून त्या काळचं नाटक समजून घेऊ, नाहीतर या माणसाने नेमकं काय केलं ते कळणार नाही.

1737 मध्ये इंग्लंडमध्ये एक कायदा झाला होता. नाटकातून सरकारची टिंगल व्हायला लागली म्हणून सरकारने नाटकंच बांधून टाकली. लंडनमध्ये संवाद असलेलं गद्य नाटक करायचा परवाना मुख्यतः दोनच थिएटरांना, ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन. बाकीच्यांनी काय करायचं? गाणी, नाच, कसरती, दोरीवरचे खेळ, मुक्याने केलेल्या नकला. थोडक्यात तोंड उघडून बोलायचं नाही, बाकी काहीही करा.

या सगळ्यातून पँटोमाइम नावाचा प्रकार फोफावला. पँटोमाइम म्हणजे नुसता मूकाभिनय नाही. आधी एखादी परीकथा सुरू व्हायची. मग एखादी परी किंवा चेटकीण येऊन छडी फिरवायची आणि कथेतली पात्रं बदलून ठरलेली चार पात्रं व्हायची. चपळ प्रियकर हार्लेक्विन, त्याची प्रेयसी कोलंबाइन, तिचा खवट म्हातारा बाप पँटलून आणि त्या म्हाताऱ्याचा नोकर क्लाऊन. मग पुढे नुसती पळापळी. प्रेमी पुढे, म्हातारा आणि नोकर मागे.

या चौघांत हिरो हार्लेक्विन. क्लाऊन म्हणजे खेडवळ, मठ्ठ गडी. मार खायचा, पडायचा, एवढंच त्याचं काम. फाटके कपडे, तोंडावर थोडीफार लाली.

ग्रिमाल्डीने हे गणितच उलटं केलं.

1800 मध्ये सॅडलर्स वेल्सला एका नव्या पँटोमाइमसाठी त्याला आणि आणखी एका नटाला क्लाऊन केलं आणि दोघांचे कपडे, रंग नव्याने ठरले. मळकट गड्याच्या जागी रंगीबेरंगी, झगमगीत पोशाख आला. पुढच्या काही वर्षांत ग्रिमाल्डीचा चेहरा ठरून गेला. सगळं तोंड, मान पांढरीफटक. गालांवर लाल त्रिकोण. भुवया जाड आणि वर चढवलेल्या. डोक्यावर विचित्र तुरे काढलेला केसांचा टोप. मोठमोठ्या थिएटरात मेणबत्त्यांच्या आणि तेलाच्या दिव्यांच्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या माणसाला चेहरा दिसायचा तर असाच रंग हवा होता. त्याचे डोळे आणि तोंड हलायचं ते त्या पांढऱ्यावर लख्ख उठून दिसायचं.

रंगाइतकाच स्वभावही बदलला. त्याचा क्लाऊन मठ्ठ नव्हता, तो चोर होता. खादाड, लबाड, निर्लज्ज. कसायाच्या दुकानातून सॉसेजच्या माळा ओढायचा, जिवंत बदकं खिशात कोंबायचा, तापलेली लोखंडी सळई घेऊन लोकांच्या मागे लागायचा, दारासमोर लोणी फासून ठेवायचा म्हणजे येणारा जाणारा घसरून पडेल. पोलीस आला की साळसूद चेहरा करून उभा. आपल्या तमाशातला सोंगाड्या आठवा. सगळं कळतं, पण काही कळत नाही असं दाखवतो, आणि मोठ्या लोकांची फजिती करतो. तसलीच जात.

त्यात हा माणूस हाताला लागेल त्या वस्तूचं काहीही करायचा. भाज्या एकावर एक रचून माणूस उभा करायचा, आणि तो माणूस जिवंत होऊन त्याच्याशीच मारामारी करायचा. कोळशाच्या बादल्या पायात चढवून त्याचे लष्करी बूट केले आणि लंडनच्या नटव्या लष्करी अधिकाऱ्यांची अशी काही नक्कल केली की लोक लोळले. तोंडाने बोलायला बंदी होती तिथे तो वस्तूंना बोलायला लावत होता.

आणि गाणी. 1819 मध्ये त्याने हॉट कॉडलिन्स नावाचं गाणं आणलं. भाजलेली सफरचंदं विकणारी एक म्हातारी आणि तिला दारूची लागलेली चटक, एवढाच विषय. प्रत्येक कडव्यात दारूचं नाव यायच्या आधी तो थांबायचा आणि भाबडा चेहरा करून प्रेक्षकांकडे बघायचा. सगळं थिएटर एका सुरात ते नाव ओरडायचं. मग हा धक्का बसल्यासारखं तोंड करायचा, लोकांना शरम कशी वाटत नाही अशा थाटात. तो वारल्यानंतरही अनेक वर्षं लंडनच्या थिएटरात बाल्कनीतले प्रेक्षक दुसऱ्या जोकरांना हेच गाणं म्हणायला लावायचे.

त्याचा सगळ्यात मोठा हिट मात्र आधीच येऊन गेला होता. 29 डिसेंबर 1806, थिएटर कॉव्हेंट गार्डन, खेळ मदर गूज, म्हणजे सोन्याचं अंडं देणाऱ्या हंसिणीची गोष्ट. व्यवस्थापनाला फारशी आशा नव्हती, खर्चही बेताचा केला होता. खुद्द ग्रिमाल्डीला त्यातलं आपलं काम काही खास वाटत नव्हतं. त्या हंगामात तो खेळ 92 वेळा झाला. थिएटरला 20 हजार पौंडांहून जास्त फायदा झाला असं म्हणतात. ग्रिमाल्डी त्या दिवसापासून लंडनचा लाडका. कवी लॉर्ड बायरन त्याचा चाहता, त्याने चांदीची तपकिरीची डबी भेट दिली होती.

बाहेर असं सगळं चालू होतं. घरात काय चालू होतं?

सॅडलर्स वेल्सच्या मालकांपैकी एक होते ह्यूज. त्यांची मुलगी मरायाशी त्याचं प्रेम जमलं आणि 1799 मध्ये लग्न झालं. ऑक्टोबर 1800 मध्ये ती बाळंतपणात गेली, बाळही गेलं. नवा रंग, नवा पोशाख घेऊन तो उभा राहिला तेच हे वर्ष.

काम थांबलं नाही. 1801 मध्ये एका खेळात बुटात खोवलेलं पिस्तूल बाहेर काढताना ते बुटातच उडालं. पाय भाजला, कित्येक आठवडे अंथरूण धरावं लागलं. त्या काळात मेरी ब्रिस्टो नावाच्या नटीने त्याची शुश्रूषा केली आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी दोघांनी लग्न केलं. 1802 मध्ये मुलगा झाला. त्याचंही नाव जोसेफच ठेवलं, सगळे त्याला जे. एस. म्हणायचे.

आणि मग भाऊ परत आला.

1803 च्या नोव्हेंबरमधली रात्र. ड्रुरी लेनला खेळ चालू होता. कुणीतरी सांगत आलं की स्टेजच्या दाराशी दोन माणसं तुला भेटायला आलीत. जोसेफ गेला. त्यातला एक रापलेला, चांगल्या कपड्यातला तरुण त्याच्याकडे बघून हसत होता. ओळख पटेना. तेव्हा त्या तरुणाने सदरा बाजूला करून छातीवरचा जखमेचा व्रण दाखवला. जॉन होता. चौदा वर्षांनी.

दोघं गळ्यात पडून रडले. जॉनने खिसा वाजवून दाखवला, भरपूर पैसा कमावून आणला होता. ठरलं असं की जोसेफने आपलं काम उरकायचं, मग दोघांनी मिळून आईकडे जायचं. जोसेफची स्टेजवर जायची वेळ झाली. भाऊ विंगेतल्या लोकांशी बोलत उभा होता. हा आत गेला, लोकांना हसवून बाहेर आला. भाऊ नव्हता.

आत्ताच तर बाहेर गेला, असं लोक सांगत होते. जोसेफ रात्रभर ओळखीच्या घरांचे दरवाजे ठोठावत फिरला. आई घरी जेवण करून वाट बघत बसलेली. पुढे पोलिसांत, नौदलात, सगळीकडे चौकशी झाली. जॉन ग्रिमाल्डी त्यानंतर कुणालाच दिसला नाही. पैशासाठी कुणी मारलं असावं असा तर्क होता, पण प्रेत सापडलं नाही, काहीच सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा खेळ होता.

थिएटर म्हणजे त्या काळात तशीही जीवघेणी जागा. ऑक्टोबर 1807 मध्ये सॅडलर्स वेल्सला भांडण झालं, कुणीतरी ओरडलं आणि लोकांना वाटलं आग लागली. आग नव्हतीच. तरी चेंगराचेंगरीत 18 माणसं मेली. पुढच्याच वर्षी कॉव्हेंट गार्डन खरोखर जळून खाक झालं आणि 1809 मध्ये ड्रुरी लेन. म्हणजे ज्या दोन मोठ्या थिएटरांनी त्याला पोसलं ती दोन्ही पाच-सहा महिन्यांच्या अंतराने राख झाली. ती पुन्हा उभी राहिली, धंदा चालू राहिला.

या माणसाला एक वेगळाच नाद होता. फुलपाखरं. रात्री खेळ संपला की गाडी न करता चालत लंडनच्या बाहेर जायचा, डार्टफर्डकडे एक निळ्या पंखांची जात मिळायची तिच्यासाठी. हे अंतर 20 किलोमीटरच्या वर. दिवसभर पकडायची, पुन्हा परत येऊन संध्याकाळी तोंडाला रंग. हजारोंनी जमवली होती. एकदा घरात चोर शिरले आणि त्यांनी त्या पेट्या फोडून सगळी नासधूस केली. फुलपाखरं चोरून त्यांना काय मिळणार होतं देव जाणे. ग्रिमाल्डीने त्यानंतर तो नाद सोडून दिला आणि कबुतरं पाळली.

आता मुद्द्याचं बोलू. आपल्या आडनावावर तो स्वतःच एक कोटी करायचा. इंग्रजीत ग्रिम म्हणजे उदास, त्यावरून आपण दिवसभर उदास असतो आणि रात्री तुम्हाला हसवतो अशा अर्थाची. तिथूनच दुःखी जोकरची दंतकथा मोठी झाली. हसऱ्या मुखवट्यामागचं रडणारं मन वगैरे. मला हे मुखवट्याचं प्रकरण थोडं सोयीचं वाटतं. त्यात कुणाची जबाबदारी येत नाही. ग्रिमाल्डीला नेमकं काय झालं ते पाहिलं तर त्यात गूढ असं फार नाही. त्याचं शरीर झिजून गेलं होतं.

पँटोमाइमचा क्लाऊन म्हणजे दर रात्री दीड-दोन तास आपटणं. शिडीवरून पडायचं, फळीच्या चोरदरवाजातून खाली जायचं, रंगवलेल्या भिंतीतल्या खिडकीतून सूर मारायचा. खिडकीच्या मागे चादर ताणून माणसं उभी असायची, त्यांनी झेलायचं. त्यांचं लक्ष नसेल तर खाली जमीन. गाद्या नाहीत, विमा नाही, पगारी सुट्टी नाही. काम केलं नाही तर पैसा नाही. आणि हे अडीच वर्षांच्या वयापासून. लंडनचा हंगाम संपला की गावोगावचे दौरे, कारण तिथे पैसा जास्त मिळायचा. मिळालेला पैसा टिकायचा नाही तो भाग वेगळा. सॅडलर्स वेल्समध्ये त्याने भागी घेतली आणि त्यातही हात पोळले.

चाळिशी आली आणि सांधे आखडायला लागले. श्वास लागायचा. पोटऱ्यांमध्ये असे गोळे यायचे की स्टेजवरून आत आला की तो कोसळायचा. विंगेत माणसं तयार ठेवलेली असायची. ती त्याला झेलायची, हातपाय रगडायची, आणि पुढच्या प्रवेशाची वेळ झाली की पुन्हा उभं करून बाहेर ढकलायची. बाहेर गेला की लोक हसायचे. लोकांना आतलं काही दिसत नव्हतं.

1823 मध्ये कॉव्हेंट गार्डनचं काम त्याने सोडलं. वय 44. त्याची जागा मुलाने घेतली.

जे. एस.वर बापाचा फार जीव होता. त्याला शिकवलं, वाचायला लावलं, तरी पोरगं शेवटी स्टेजवरच आलं. 1814 मध्ये रॉबिन्सन क्रूसोच्या खेळात बाप क्रूसो झाला आणि मुलगा त्याचा साथीदार फ्रायडे. पुढे त्याला बापाचाच रंग, बापाचीच गाणी आणि बापाचंच नाव मिळालं. आणि रोज रात्री बापाशी तुलना. पोरगा दारूच्या आहारी गेला. आईवडिलांशी बोलणं टाकलं, मग एका थिएटरातून काढला, दुसऱ्यातून काढला, कर्जापायी तुरुंगाची वारी झाली. मध्येच फाटक्या कपड्यात, आजारी अवस्थेत बापाच्या दारात यायचा, आणि पुन्हा निघून जायचा.

1828 मध्ये ग्रिमाल्डीने जाहीर निरोप घेतला. मार्चमध्ये सॅडलर्स वेल्सला, आणि 27 जूनला ड्रुरी लेनला. कॉव्हेंट गार्डनने इतकी वर्षं त्याच्यावर कमाई केली होती, पण निरोपाचा खेळ त्यांच्याकडे होऊ शकला नाही. त्या रात्री तो उभा राहू शकत नव्हता. त्याच्यासाठी खुर्ची ठेवली. बसल्या बसल्या त्याने न्हाव्याचा एक प्रवेश केला आणि एक गाणं म्हटलं. थिएटर हसून हसून वेडं झालं. मग तो प्रेक्षकांशी बोलला. आपण अजून पन्नाशीचेही नाही, पण पूर्वी डोक्यावर उभं राहणं जितकं सोपं जायचं तितकं आता पायांवर राहणंही जात नाही, असं काहीसं. लोक रडत होते. तोही.

नटांच्या मदतनिधीतून त्याला वर्षाला 100 पौंड पेन्शन मिळालं, त्यावर घर चाललं.

11 डिसेंबर 1832 ला जे. एस. वारला. वय 30. त्यानंतर काही काळाने मेरीही गेली.

उरलेली वर्षं त्याने लंडनच्या पेंटनव्हिल भागात एका साध्या घरात काढली. घराजवळ मार्क्विस ऑफ कॉर्नवॉलिस नावाची एक खानावळवजा दारूची जागा होती. संध्याकाळी तिथे बसून गप्पा मारायच्या, एवढाच विरंगुळा. चालता येत नव्हतं, म्हणून त्या जागेचा मालक त्याला रोज रात्री पाठीवर घेऊन घरी सोडायचा. ज्याने आयुष्यभर लोकांच्या खांद्यावरून कोलांट्या मारल्या, तो असा एका माणसाच्या पाठीवर बसून घरी जायचा. 31 मे 1837 च्या रात्रीही असाच गेला, आणि झोपेत वारला. वय 58. तीनच आठवड्यांनी व्हिक्टोरिया गादीवर बसली आणि इंग्लंडचा दुसराच काळ सुरू झाला.

मरण्याआधी त्याने आपल्या आठवणी सांगून लिहून घेतल्या होत्या. फार लांबलचक, विस्कळीत. प्रकाशक बेंटली यांनी तो ढिगारा एका पंचविशीतल्या लेखकाला दिला आणि सांगितलं की याचं पुस्तक करून दे. लेखकाचं नाव चार्ल्स डिकन्स. लहानपणी त्याने ग्रिमाल्डीला स्टेजवर बघितलं होतं. 1838 मध्ये पुस्तक आलं, चित्रं जॉर्ज क्रुकशँक यांची. आज आपल्याला ग्रिमाल्डीबद्दल जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं याच पुस्तकातून आलंय. त्यात डिकन्सचा मसाला किती आणि ग्रिमाल्डीच्या स्मरणशक्तीचा किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मेल्याचं सोंग, तुटलेली साखळी, हरवलेला भाऊ, सगळं त्यात आहे.

मग सर्कशीचं काय?

सर्कस ग्रिमाल्डीच्या आधीच सुरू झाली होती. 1768 मध्ये फिलिप अ‍ॅस्टली नावाच्या माजी घोडेस्वार शिपायाने लंडनमध्येच गोल रिंगणात घोड्यांचे खेळ सुरू केले, आणि मध्ये मध्ये लोकांना हसवायला विदूषक आणले. पण त्या विदूषकांना स्वतःचा असा चेहरा नव्हता. ग्रिमाल्डी इतका गाजला की त्याच्या पुढच्या पिढीतले क्लाऊन त्याचाच रंग लावून उभे राहू लागले, थिएटरात आणि रिंगणातही. पुढे पँटोमाइममधली ती पळापळी मागे पडत गेली, पण रिंगणातला क्लाऊन टिकला. गोऱ्यांच्या सर्कशी देशोदेशी फिरल्या तसा तो चेहराही फिरला. आपल्याकडे त्या मुंबईला आल्या, त्या बघून 1880 च्या सुमारास विष्णुपंत छत्र्यांनी आपली सर्कस उभी केली आणि मग सांगली-मिरजेकडच्या सर्कशींची रांगच लागली. आपण लहानपणी मैदानात तंबू लागल्यावर जो जोकर बघितला, त्याच्या तोंडावरच्या पांढऱ्या रंगाचा प्रवास असा लांबचा आहे.

लंडनमध्ये 1940 च्या दशकापासून एक प्रथा आहे. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी ग्रिमाल्डीच्या आठवणीसाठी चर्चमध्ये प्रार्थना होते आणि तिला जोकर येतात, पूर्ण रंग लावून, मोठाले बूट घालून. वर्षभरात वारलेल्या जोकरांची नावं तिथे घेतली जातात.

त्याला पुरलं ते पेंटनव्हिलचं चर्च आता नाही. स्मशानभूमीची बाग झालीय, तिला त्याचंच नाव दिलंय. कडेला लोखंडी कठड्यात त्याची कबर आहे. आणि 2010 मध्ये तिथे जमिनीत शवपेटीच्या आकाराच्या दोन चौकटी बसवल्या, एक ग्रिमाल्डीच्या नावाची आणि एक त्याला कामं लिहून देणाऱ्या चार्ल्स डिब्डिनची. त्यातल्या फरशांवर पाय पडला की सूर वाजतात. नीट उड्या मारल्या तर हॉट कॉडलिन्सची चाल वाजवता येते. आसपासची पोरं संध्याकाळी येऊन त्यावर नाचतात.